भालजी केवळ शिवजयंतीचे नव्हेत

थेरगावात डांगे चौकापासून थोडे आत आमच्या गृहसंस्थेचे लहानसे पटांगण आहे. शिवजयंतीच्या संध्याकाळी तेथे पडदा बांधून चित्रपट दाखवण्याची प्रथा गेली काही वर्षे चालत आली आहे. यंदाच्या निवडीसाठी बसलो असता तरुण मंडळींनी 'पावनखिंड' हे नाव सुचवले. कोपऱ्यात बसलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारले, "कुठला? भालजींचा का आत्ताचा?" तरुण एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना २०२२ चा 'पावनखिंड' तेवढा ठाऊक होता. भालजी पेंढारकरांनी याच नावाचा चित्रपट १९५६ मध्ये काढला होता, हे त्यांच्या गावीही नव्हते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जे आपण दाखवले नाही, ते त्यांनी पाहिले कोठून असणार?

पण खरी गंमत पुढेच झाली. हे गृहस्थ मूळचे कागलकडचे. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षे काढून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "भालजींचाच लावायचा तर 'साधी माणसं' लावा की." क्षणभर कोणी बोलेना. मग आमच्या एका चांगल्या, कामसू कार्यकर्त्याने अत्यंत नम्रतेने म्हटले, "काका, शिवजयंतीला लोहाराचा चित्रपट कसा लावायचा?"

विषय तेथेच मिटला. ठरल्याप्रमाणे २०२२ चा चित्रपट लागला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. शिवजयंतीला लोहाराचा चित्रपट का लावायचा नाही? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या माणसाला आपण आदराने 'चित्रतपस्वी' म्हणतो, त्याच्या कारकिर्दीचा एवढा मोठा भाग आपल्याच माणसांना परका का वाटावा?

भालजींना आपल्या घरांत मान आहे, यात शंका नाही. ते उघड हिंदुत्वनिष्ठ होते. चित्रपटाच्या मायानगरीत राहूनही त्यांनी आपली निष्ठा कधी खिशात घालून ठेवली नाही. १९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना तो घरातल्या वडीलधाऱ्याचा सन्मान वाटला होता. नोव्हेंबर १९९४ मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर, ते गेले. त्यानंतर त्यांची आठवण आपण फेट्याच्या, ढालतलवारीच्या आणि भगव्या झेंड्याच्या चित्रात बसवून टाकली. वर्षातून एकदा ते चित्र भिंतीवरून उतरवायचे, धूळ पुसायची, हार घालायचा आणि परत टांगायचे. आदर करण्याची ही पद्धत सोपी आहे, आणि म्हणूनच ती मला पुरेशी वाटत नाही.

त्यांची कारकीर्द किती पसरलेली होती, हे नुसत्या नावांवरूनही ध्यानात यावे. १९२५ च्या 'बाजीराव मस्तानी' या मूकपटाच्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी 'वंदे मातरम् आश्रम' केला. लाला लजपतराय आणि पंडित मदनमोहन मालवीय यांच्या शिक्षणविषयक विचारांची प्रेरणा त्यामागे होती. परकीय सरकारच्या शिक्षणपद्धतीवर त्यात टीका होती, आणि अपेक्षेप्रमाणे सरकारी कात्रीने त्या चित्रपटाचा छळ केला. १९३२ मध्ये दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनसाठी त्यांनी 'श्यामसुंदर' हा बोलपट दिग्दर्शित केला. बाल शाहू मोडक त्यात कृष्ण झाले होते आणि शांता आपटे त्यात होत्या. सलग पंचवीस आठवडे चालून रौप्यमहोत्सव साजरा करणारा तो पहिला भारतीय चित्रपट मानला जातो. त्यानंतर 'कालियामर्दन', 'सावित्री', 'कान्होपात्रा', 'राजा गोपीचंद', 'गोरखनाथ' अशी पुराणकथांची आणि संतकथांची रांग लागते. मध्येच १९३९ चा 'नेताजी पालकर' येतो, १९४१ ची 'थोरातांची कमळा' येते. 'सूनबाई', 'सासुरवास' हे कौटुंबिक, 'मी दारू सोडली' हा नावातच हेतू सांगणारा, 'माझी जमीन' हा मातीचा. कधी भांडवल त्यांचे स्वतःचे असे, कधी दुसऱ्याचे. कथा, पटकथा, संवाद आणि 'योगेश' या टोपणनावाने गीतेसुद्धा बहुधा त्यांचीच. १९८१ चा 'गनिमी कावा' काढला, तेव्हा वयाची ऐंशी वर्षे केव्हाच मागे पडली होती. मूकपटापासून दूरचित्रवाणीच्या घराघरांतील आगमनापर्यंत एवढा प्रवास करणारे निर्माते आपल्याकडे किती झाले?

हे सर्वच चित्रपट थोर आहेत, असे मी म्हणणार नाही. काही अगदी नाटकी आहेत, काहींत संवादांचा भडिमार इतका की पात्रे श्वास केव्हा घेतात असे वाटावे, आणि कौटुंबिक चित्रपटांतल्या सोशिक सुना आजच्या मुलींना पटणार नाहीत, ते योग्यच आहे. माणूस मोठा म्हणून त्याचे सर्व काही डोक्यावर घ्यावे, हा भक्तीचा नियम असेल, परीक्षणाचा नव्हे.

तथापि, या पसाऱ्यात एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या शिवजयंतीच्या चौकटीतून निसटते. भालजींच्या कथांचे नायक कोण आहेत, ते जरा पाहावे. इतिहासाकडे वळले तेव्हा त्यांनी नेताजी पालकर निवडला, जो शत्रूच्या हाती सापडून बाटवला गेला आणि ज्याला महाराजांनी १६७६ मध्ये परत स्वधर्मात घेतले. त्यांनी बहिर्जी नाईक निवडला, म्हणजे सिंहासनाच्या आसपास कधी न दिसणारा, वेश पालटून रानावनात हिंडणारा हेर. 'पावनखिंड' हे नावच बाजीप्रभूंचे आणि त्यांच्याबरोबर खिंडीत पडलेल्या बांदल मावळ्यांचे. थोरातांची कमळा, मोहित्यांची मंजुळा या गडावरच्या राण्या नव्हेत. १९५२ चा 'छत्रपती शिवाजी' आणि १९५४ ची 'महाराणी येसूबाई' आहेतच. परंतु एकंदर यादी पाहिली तर त्यांचा कॅमेरा राजाच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे वारंवार वळतो, हे नाकारता येत नाही.

पुराणांतही तेच. प्रभू रामचंद्रांवर चित्रपट काढणे सोपे आणि धंद्याला सुरक्षित होते. भालजींनी १९४६ मध्ये 'वाल्मीकि' काढला. पृथ्वीराज कपूर त्यात होते, आणि तरुण राज कपूर नारद झाले होते. वाटमाऱ्या करणारा एक माणूस आदिकवी होतो, ही कथा. त्याआधी १९४४ मध्ये पृथ्वीराजांनाच घेऊन त्यांनी 'महारथी कर्ण' केला. महाभारतातून अर्जुन न घेता सूताच्या घरी वाढलेला कर्ण घेणे, ही निवड आज आपल्याला फार परिचयाची वाटते, कारण मधल्या काळात कर्णावर पुष्कळ लिहिले गेले. 'मृत्युंजय' १९६७ ची. भालजींचा कर्ण त्याच्या तेवीस वर्षे आधीचा आहे.

म्हणून पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक असे जे कप्पे समीक्षकांनी पाडले, त्यांत भालजींचे वैविध्य मोजता येईल, पण समजणार नाही. वेष बदलतो, काळ बदलतो. ज्याच्या कपाळी मानाचा टिळा नाही, त्या माणसाविषयीचा त्यांचा जिव्हाळा बदलत नाही. हिंदू समाज म्हणजे कोण, या प्रश्नाला भालजींनी प्रबंध लिहून उत्तर दिले नाही. त्यांनी रामोशी, सूत, वाटमाऱ्या, लोहार, शेतकरी असे एकेकाला पडद्याच्या मध्यभागी आणून बसवले.

याच संदर्भात १९४८ सालाविषयी बोलले पाहिजे. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली, तिच्यात कोल्हापुरातला भालजींचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. 'मीठभाकर' आणि 'मेरे लाल' हे तयार होत आलेले चित्रपट त्यात जळाले. त्या दिवसांची होरपळ ज्या घरांनी सोसली, त्यांतील कित्येकांनी ती पुढच्या पिढीपाशीही धडपणे उच्चारली नाही. आपल्या वाचकांपैकी काहींच्या घरी ते मौन अजून असेल. भालजींच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने मुंबईचा रस्ता धरला असता, किंवा आपल्या कलेला वैराचे हत्यार बनवले असते. माणसाला तसे करावेसे वाटणे अस्वाभाविकही नव्हते. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि 'मीठभाकर' पुन्हा चित्रित केला. जळालेल्या चित्रपटांतून पहिल्याने कोणता उचलला, तर गरिबाच्या ताटातल्या दोन जिनसांचे नाव धारण करणारा. त्या आगीवर त्यांनी कधी चित्रपट काढला नाही.

ते कर्ज मात्र त्यांच्या मानेवर राहिले. अखेर १९५९ मध्ये लता मंगेशकरांनी जयप्रभा विकत घेतला आणि भालजी तेथेच काम करीत राहिले. मंगेशकर कुटुंबाचा आणि त्यांचा ऋणानुबंध जुना, त्यांना सारे 'बाबा' म्हणत. सुलोचनाबाईंना 'सुलोचना' हे नाव बाबांनीच दिले, हे त्या स्वतः अभिमानाने सांगत. लताबाईंनी 'आनंदघन' या नावाआड राहून ज्या मराठी चित्रपटांना संगीत दिले, त्यांतले 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती' हे चारही भालजींचे.

आता त्या लोहाराच्या चित्रपटाकडे येतो. 'साधी माणसं' १९६५ चा. सूर्यकांत आणि जयश्री गडकर हे खेड्यातले लोहार नवरा-बायको. भात्यापाशी राबावे, घामाचे खावे, एवढेच त्यांचे जग. त्या जगावर शहराच्या मोहाची सावली पडते आणि संसाराची परवड होते. गोष्ट म्हटली तर इतकीच. चित्रपटाला राज्य शासनाचे उत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले, संगीताचेही मिळाले. आणि आनंदघन म्हणजे कोण, हे त्या समारंभात सर्वांना कळले, ही हकिकत प्रसिद्धच आहे.

या चित्रपटातली लोहाराच्या बायकोने ऐरणीला केलेली प्रार्थना महाराष्ट्राच्या ओठांवर आहे. ती लिहिणारे जगदीश खेबूडकर पेशाने शिक्षक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेबवड्याचे. त्यांचे घरही १९४८ च्या त्याच जाळपोळीत जळाले होते. तेव्हा ते सोळाव्या वर्षात होते आणि घराची राख पाहून त्यांनी आपली पहिली मोठी कविता लिहिली. ज्याचा स्टुडिओ जळाला तो दिग्दर्शक आणि ज्याचे घर जळाले तो कवी सतरा वर्षांनी एकत्र येतात, आणि कोणासाठी लिहितात, तर विस्तवापाशी बसून लोखंडाला आकार देणाऱ्या एका बलुतेदारासाठी. मला हे पहिल्यांदा उमगले तेव्हा मी ते गाणे परत ऐकले आणि बराच वेळ काही बोलू शकलो नाही. समरसता या शब्दावर आपण अनेक बौद्धिके ऐकली आहेत, मी स्वतः काही लेख लिहिले आहेत. त्या साऱ्यांपेक्षा ही तीन-चार मिनिटे मला जड वाटतात.

हा चित्रपट थेरगावात लावावा असे त्या टूलरूमवाल्या गृहस्थांना का वाटले, हे वेगळे सांगायला हवे का? पवनेकाठचे, केजूबाईच्या देवळाचे हे गाव. शेतीवाडी होती तोवर गावकीत होते. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली, पुढच्या दशकात आकुर्डीला बजाज आली, चिंचवडला टेल्को आली, आणि साताऱ्या-कोल्हापुरापासून लातूर-बीडपर्यंतची माणसे पोटासाठी या पट्ट्यात उतरली. 'साधी माणसं' पडद्यावर आला तो नेमका हाच काळ. चित्रपटातला लोहार शहराच्या वाटेला लागतो, आणि इकडे त्याच वर्षांत खरोखरीचे लोहार-सुतार गावची भट्टी विझवून आमच्या कारखान्यांच्या फाटकांशी रांगा लावत होते. त्यांची मुले फिटर झाली, टर्नर झाली; नातवंडे आज चाकणच्या कारखान्यांत यंत्रमानवांवर देखरेख करतात किंवा हिंजवडीला संगणकापुढे बसतात. आमच्या पटांगणात खुर्च्या टाकून बसणाऱ्या निम्म्याअधिक कुटुंबांची गोष्ट ती आहे. शहराने त्यांना घर दिले, शिक्षण दिले, हे खरे आणि भालजींच्या चित्रपटात शहराचा हा उजळ चेहरा फारसा दिसत नाही, ही त्याची मर्यादाही खरी. पण पगाराच्या संध्याकाळी कितीकांचे पाय कोणत्या दुकानाकडे वळले आणि कितीकींनी काय सोसले, हेही आमच्या गल्ल्यांना माहीत आहे.

भालजींच्या मनाचा मोकळेपणा दाखवणारी आणखी एक गोष्ट सांगतो, जरी काही घरांत तिने भुवया उंचावतील. १९६९ च्या 'तांबडी माती'तून त्यांनी दादा कोंडके यांना रुपेरी पडद्यावर आणले. कोंडके राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आलेले. म्हणजे विचाराने भालजींच्या अगदी समोरच्या ओट्यावरचे. भालजींनी त्यांचा पक्ष विचारला नाही, अंगचा विनोद पाहिला. 'तांबडी माती'ला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे स्वतः निर्माता होण्याचा सल्लाही कोंडक्यांना भालजींनीच दिला आणि १९७१ मध्ये 'सोंगाड्या' आला. कोंडक्यांचे पुढचे चित्रपट आपण कुटुंबासह पाहिले नाहीत, निदान पाहिल्याचे कबूल केले नाही. तो भाग वेगळा. पण विरुद्ध गोटातल्या कलावंताला हाताशी धरून वाढवण्याची ही वृत्ती आज कोणत्याही गोटात मला सहसा आढळत नाही. आपल्याही.

गेल्या काही वर्षांत शिवकालावर चित्रपटांची लाट आली आहे. 'फर्जंद' २०१८ चा, 'फत्तेशिकस्त' २०१९ चा, मग 'पावनखिंड', 'शेर शिवराज', आणि २०२५ मध्ये हिंदीतला 'छावा'. यांतल्या काहींनी चांगला प्रयत्न केला आहे, तरुणांना इतिहासाकडे वळवले आहे, आणि त्याचा मला आनंदच आहे. माझी तक्रार चित्रपटकारांपेक्षा प्रेक्षकांकडे, म्हणजे आपल्याकडे अधिक आहे. आपण फक्त एकाच तऱ्हेच्या चित्रपटाला गर्दी करतो, समूहाने तिकिटे काढतो, घोषणा देतो. लोहारावर, शेतकऱ्यावर, कारखान्यातून कमी केलेल्या कामगारावर कोणी आज चित्रपट काढला, तर तो 'त्यांचा' चित्रपट असे आपण न पाहताच ठरवून टाकतो. गरिबाचे दुःख हा विषय कोणत्या विचारसरणीला आपण एवढ्या सहजपणे आंदण दिला? भालजींनी तर दिला नव्हता. ते 'मराठा तितुका मेळवावा' काढीत आणि पुढच्याच वर्षी 'साधी माणसं' काढीत, आणि या दोहोंत त्यांना विसंगती दिसत नसे. त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नाव दिले तेही 'साधा माणूस' असेच.

आमच्या शेजारी चिंचवडगावात गिरीश प्रभुणे यांनी पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् उभे केले आहे. पारध्यांची, भटक्या-विमुक्तांची मुले तेथे शिकतात, आणि पुस्तकांबरोबर हाताची कारागिरीही शिकतात. थेरगावहून तेथे जायला फार वेळ लागत नाही. आपल्यातले जे कार्यकर्ते तेथे नियमाने जातात, त्यांना मी हे का लिहितो आहे ते समजावून सांगावे लागणार नाही. प्रश्न त्यांचा आहे, जे त्या कामाला देणगी देतात पण संध्याकाळी पडद्यावर तलवारीशिवाय दुसरे काही चमकलेले त्यांना चालत नाही.

जयप्रभाचे काय झाले, हेही या निमित्ताने आठवावे. २०२२ च्या फेब्रुवारीत त्या जागेच्या विक्रीची बातमी बाहेर आली, तेव्हा कोल्हापूरचे कलावंत आणि तंत्रज्ञ आंदोलनाला बसले. पुण्यामुंबईतून भालजींचे नाव घेणाऱ्यांपैकी किती जण तेव्हा बोलले? मीही त्या वेळी दोन ओळी लिहिल्या नाहीत, हे कबूल करतो. वास्तूचा प्रश्न न्यायालयांच्या आणि शासनाच्या हाती असतो, तेथे आपले फारसे चालत नाही असे म्हणून स्वतःची समजूत घातली होती. चित्रपट पाहणे, दाखवणे मात्र आपल्या हाती आहे. लग्नाच्या हॉलमध्ये, शाळेच्या वर्गात, वस्तीतल्या मंदिराच्या ओट्यावर एक पडदा आणि प्रक्षेपक पुरतो.

शिवजयंतीनंतर काही दिवसांनी मी त्या कार्यकर्त्याला गाठले आणि त्याचाच प्रश्न त्याला परत विचारला. स्वराज्याच्या तलवारी, तोफांचे गाडे, घोड्यांचे नाल कोणी केले असतील, असेही विचारले. तो हसला. मग त्यानेच एक तोड काढली. भारतीय मजदूर संघ १७ सप्टेंबरला विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो. त्या संध्याकाळी 'साधी माणसं' लावू, आणि कागलच्या काकांना आधी दहा मिनिटे बोलायला सांगू. काकांना हे कळवले तेव्हा ते म्हणाले, "बोलायचं नको, मी नुसता बघतो." तेवढी अडचण सोडली तर बाकी सर्व ठरले आहे. पडद्याचे भाडे मात्र गणपतीच्या दिवसांत दुप्पट होते, म्हणून आगाऊ रक्कम आताच द्यावी लागणार आहे.